टोपीकरांचा इतिहास आणि मराठी विद्यार्थी

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर, कृष्णराजपुरम हे उपनगर वसले आहे. लोकव्यवहारात त्याचे नाव के. आर. पुरम असेच रूढ झाले आहे. १८६४ साली बंगळूर छावणीपासून जोलारपेटपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला, तो याच गावावरून गेला. १९४८ मध्ये शेजारीच दूरवाणीनगर येथे टेलिफोनची यंत्रे बनविणारा सरकारी कारखाना उभा राहिला. २००३ साली रेल्वेरुळांवरून पोलादी तारांनी तोललेला पूल झाला आणि २०२३ मध्ये मेट्रोही आली. संगणक-व्यवसायाच्या ओढीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या बाजूला जी कुटुंबे येऊन राहिली, त्यांत पुणे, नागपूर, सोलापूर, बेळगाव या भागांतील मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांची घरची भाषा मराठी, बाजाराची कन्नड आणि शाळेची इंग्रजी. या मुलांना नववीपासून पुढे इतिहास म्हणून जे शिकावे लागते, त्यात युरोपचा वाटा लहान नसतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर केंद्रीय शाळांसाठी जी पाठ्यपुस्तके निघाली, त्यांत नववीचे पुस्तक फ्रेंच राज्यक्रांतीनेच उघडत असे. पाठोपाठ रशियन क्रांती आणि जर्मनीतील नाझीवाद. दहावीच्या पुस्तकाचा आरंभ युरोपातील राष्ट्रवादाच्या उदयाने, आणि त्या प्रकरणाच्या तोंडाशी फ्रेदेरिक सोर्यू या फ्रेंच चित्रकाराचे १८४८ मधले चित्र: स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून युरोप-अमेरिकेतील लोकांची एक लांबच लांब मिरवणूक आपापले ध्वज घेऊन चालली आहे. अकरावीला रोमचे साम्राज्य, मध्ययुगीन सरंजामी समाज आणि प्रबोधनकाळ. ज्यांची मुले आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या शाळांतून शिकतात, त्यांच्यापुढे याहून मोठा डोंगर असतो. अमेरिकेतील कॉलेज बोर्डाने विद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जे प्रगत अभ्यासक्रम आखले आहेत, त्यांत युरोपचा इतिहास हा एक स्वतंत्र विषय आहे. साधारण १४५० पासून आजपर्यंतचा काळ त्यात येतो, आणि परीक्षेत सात मूळ कागदपत्रे पुढे ठेवून त्यांच्या आधारे एक निबंध लिहावयास सांगतात. सतरा वर्षांच्या मुलाने ल्यूथर, रिशल्यू, रोबेस्पियेर, बिस्मार्क यांच्या काळचे कागद वाचून स्वतःचे मत बांधावे, अशी ही अपेक्षा आहे.

के. आर. पुरममधील मराठी मुलाला हे सारे करताना एक प्रश्न पडतो, आणि बहुधा तो घरी विचारला जातो, वर्गात नाही. हा इतिहास आपला कोण लागतो? पालकांचे उत्तर ठरलेले असते: गुण मिळतात, परदेशी प्रवेशाला उपयोग होतो. उत्तर खोटे नाही, पण ते फार तोकडे आहे. कारण युरोपचा इतिहास वाचणारा मराठी विद्यार्थी हा काही आजचा प्राणी नव्हे. त्याची परंपरा तीनशे वर्षांची आहे, आणि तिची एक शाखा खुद्द बंगळुरातूनच फुटली आहे.

के. आर. पुरम ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यापासूनच आरंभ करता येईल. १७९१ च्या फेब्रुवारीअखेर लॉर्ड कॉर्नवॉलिस घाट चढून कोलारला आला, तेथून होसकोटला, आणि ५ मार्चला बंगळूरच्या तटासमोर येऊन ठेपला. आजचे के. आर. पुरम होसकोट आणि बंगळूर यांच्या मधल्या याच पट्ट्यात आहे. दहा वर्षांपूर्वी, १७८१ च्या ऑक्टोबरात, याच कॉर्नवॉलिसने यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टन आणि फ्रेंच यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली होती. एक वसाहत ज्याच्या हातून गेली, तो दुसरीकडे राज्य मिळवावयास आला होता. ७ मार्चला बंगळूरची पेठ पडली, २१ मार्चच्या रात्री किल्ला पडला. त्या वेळी पॅरिसमध्ये राज्यघटना लिहिण्याचे काम चालू होते. आणखी तीन महिन्यांनी सोळावा लुई राजधानीतून पळून जाण्याच्या प्रयत्नात वारेन येथे पकडला गेला. टिपूची भिस्त फ्रेंचांच्या मदतीवर होती. फ्रान्स स्वतःच्याच घरातल्या आगीत गुंतले नसते तर दख्खनचे काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. पण नववीच्या पुस्तकातले पहिले प्रकरण आणि बंगळूरचा पाडाव या दोन घटना एकाच पंचांगात बसतात, एवढे खरे. मे महिन्याच्या अखेरीस श्रीरंगपट्टणहून उपाशी, रोगग्रस्त होऊन मागे फिरलेल्या इंग्रज फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य भेटले, आणि मराठ्यांच्या लष्करी बाजाराने तिला धान्य पुरविले. इंग्रजांच्या त्या मोहिमेचा जीव मराठी वाण्यांच्या बैलांनी वाचविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे सव्वीस वर्षांनी, १८१७ साली, त्याच इंग्रजांनी पुणे घेतले.

मराठ्यांना युरोपीयांची ओळख नव्हती असे मात्र मानू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, टोपीकरांविषयी एक स्वतंत्र विवेचन आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन, ही नावे त्यात वेगवेगळी नोंदली आहेत. अमात्य सांगतात की हे सावकार दिसत असले तरी साधे सावकार नव्हेत. प्रत्येकाच्या मागे त्याच्या मुलखाचा राजा आहे आणि त्याच्या हुकुमाने ते व्यापाराला येतात. आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, म्हणून त्यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये; दिलीच तर आत, दूर द्यावी. व्यापारी कंपनी आणि राज्यसत्ता यांचा हा जो संबंध अमात्यांनी ओळखला, तो आजच्या पाठ्यपुस्तकांत ‘व्यापारवाद’ या नावाखाली एक प्रकरण व्यापतो. अमात्यांपाशी त्याला नाव नव्हते, जाण होती. उणीव एवढीच की टोपीकर येथे काय करतात हे त्यांनी पाहिले. ते तेथे, आपल्या देशात, काय करीत आहेत याची चौकशी मराठी दरबाराने कधी केली नाही. चौकशी म्हणजेच इतिहास, हा त्या शब्दाचा ग्रीक अर्थ येथे आठवल्यावाचून राहत नाही.

ती चौकशी करणारा पहिला मराठी विद्यार्थी पुण्यात नव्हे, तंजावरात झाला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे बंगळूरवर आले आणि ती त्यांची जहागीर झाली. जयराम पिंड्ये या कवीने शहाजींच्या दरबाराचे जे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’त केले, ते बंगळूरच्या या वैभवाचे आहे; बारा भाषा आपल्याला येतात असे सांगणारा हा कवी. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते, त्यांत युरोपची भाषा कोणाची नव्हती. शहाजींचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १६८७ मध्ये बंगळूर त्या घराण्याच्या हातून गेले. मोगल सरदार कासिमखान याने ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवरायाला तीन लाखांना दिले. तंजावरची शाखा मात्र टिकली. त्या शाखेत १७७७ साली जन्मलेल्या दुसऱ्या सरफोजींना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाढविले, शिकविले. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. किल्ल्यापुरत्या उरलेल्या या राजाने उरलेले आयुष्य विद्येत घालविले. युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ त्यांनी जमविले, त्यांतील कित्येकांवर त्यांची स्वाक्षरी आहे. सरस्वती महालात ते आजही पाहावयास मिळतात. आधुनिक विद्या शिकविणारी शाळाही त्यांनी काढली.

सरफोजींनी दोन शिलालेख मागे ठेवले. पहिला १८०३ सालचा, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. दुसरा पट्टुकोट्टैजवळ समुद्रकाठी बांधलेल्या मनोरा नावाच्या आठ मजली, षट्कोनी इमारतीवर. ही इमारत १८१४-१५ मध्ये उभारली, ती नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाची आठवण म्हणून, आणि तिच्यावरील लेखांत मराठी लेखही आहे. बोनापार्टच्या पाडावाचा आनंद मराठीत, बंगालच्या उपसागराच्या वाळूवर, दगडात कोरलेला आहे, आणि तो करविणारा शहाजींचा वंशज आहे. यात मांडलिकाची खुशामत नव्हती असे कोण म्हणेल? पण केवळ खुशामत असती तर दरबारात एक खलिता वाचून काम भागले असते. ज्याने युरोपचा इतिहास पुस्तकांतून वाचला होता, त्याला त्या इतिहासातील एका घटनेचा साक्षीदार म्हणून आपलेही नाव लागावे असे वाटले. राज्य गेलेल्या राजाची ही हौस करुण आहे. एक लेख आपल्या वंशाचा, दुसरा परक्यांच्या विजयाचा. दोहोंमध्ये अवघ्या बारा वर्षांचे अंतर आहे.

मुंबईत हा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. त्यांच्या ग्रंथांत ‘इंग्लंड देशाची बखर’ आहे. हे नाव पुरेसे बोलके आहे. बखर म्हणजे राजाची, युद्धाची, घराण्याची हकीकत; इंग्लंडलाही तेच भांडे पुरेल असे तेव्हा वाटले. पण लवकरच ते अपुरे ठरले. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ पत्र सुरू केले आणि त्यातून फ्रान्समधील राज्यक्रांतीचा इतिहास क्रमशः दिला. बखरीत राजा मरतो, दुसरा येतो. राजा नावाची वस्तूच लोक काढून टाकतात, हे बखरीच्या चौकटीत बसणारे नव्हते. याच पत्रात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. याच सुमारास पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेले जोतीराव फुले टॉमस पेनचे ‘मानवाचे हक्क’ वाचत होते. पेन स्वतः इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेच्या क्रांतीत लेखणी चालविलेला आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत सभासद म्हणून बसलेला. फुल्यांना युरोपचा इतिहास परीक्षेसाठी नको होता. हक्क हा शब्द राजाने दिलेल्या वतनाला लावतात तसा माणूसपणालाही लावता येतो, हे त्यांनी त्या पुस्तकातून घेतले. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये जे चौघे प्रथम पदवीधर झाले त्यांतही हे दोघे होते. रानड्यांचे चरित्रकार एक हकीकत सांगतात. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजी कारभाराशी केली, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली की जे सरकार तुला शिकविते त्याची निंदा करू नये, आणि सहा महिन्यांसाठी त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. ग्रँट हे उत्तम अध्यापक होते आणि रानडे पुढे त्यांचे नाव आदरानेच घेत. तरी प्रसंग विचार करावयास लावणारा आहे. तुलना करावी, पुराव्यावरून मत बनवावे, सत्तेला प्रश्न विचारावा, हे सारे त्या इतिहासाच्या तासालाच शिकविले जात होते. शिष्याने धडा मनापासून घेतला, आणि गुरूच्याच देशावर लावून पाहिला.

रानडे हा प्रसंग विसरले नाहीत असे त्यांच्या ग्रंथावरून वाटते. १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी १९०१ मध्ये, ते वारले. त्या ग्रंथात युरोप पानोपानी उभा आहे. शिवाजी महाराजांची संघटनशक्ती सांगताना त्यांना पहिला नेपोलियन आठवतो. ज्ञानेश्वर ते रामदास या संतपरंपरेचे वर्णन करताना ते सोळाव्या शतकातील पश्चिम युरोपच्या धर्मसुधारणेशी तिचे साम्य दाखवितात: देशी भाषेचा कैवार, पुरोहितांच्या मक्तेदारीला विरोध, जन्मापेक्षा भक्तीला मोल. ज्या निबंधाने शिष्यवृत्ती घालविली होती, तोच निबंध जणू चाळीस वर्षांनी पुन्हा, आता ग्रंथाच्या आकारात, सादर झाला. मराठ्यांचा उदय ही लुटारूंची कामगिरी नसून लोकांत आधी झालेल्या मंथनाचे फळ आहे, हे ग्रँट डफला उत्तर देण्यासाठी युरोपचीच साक्ष काढावी लागली.

ही उपमा कितपत टिकते, याचा विचार विद्यार्थ्याने अवश्य करावा. जर्मनीत १५२४-२५ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा ल्यूथर राजांच्या बाजूला उभा राहिला. पंढरीच्या वाटेवर तसा उठावच झाला नाही. ल्यूथरच्या मागे राजे होते, वेगळी चर्चे निघाली, शंभर वर्षे युद्धे झाली. वारकऱ्यांनी वेगळे मठ-मंदिर उभारून वर्णव्यवस्थेशी फारकत घेतली नाही. वाळवंटात सारे समान, वेशीच्या आत पुन्हा आपापल्या जागी. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना तर संतांच्या शिकवणीतच कमकुवतपणा दिसला; सहिष्णू हिंदुधर्म निराळा आणि रामदासांचा जयिष्णू महाराष्ट्रधर्म निराळा, असा भेद त्यांनी केला. शहाजींच्या दरबारावरची ‘राधामाधवविलासचंपू’ संपादून १९२२ मध्ये तिला विस्तृत प्रस्तावना जोडणारे राजवाडे ते हेच. रानड्यांनी युरोप आरशासारखा वापरला, राजवाड्यांनी तो आरसाच नाकारला. पण आरसा नाकारण्यापूर्वी त्यांनीही प्लेटोचे ‘रिपब्लिक’ मराठीत आणले होते, हे लक्षात असावे. न वाचता नाकारणे ही सोय त्या पिढीने घेतली नाही.

वाचनाचा परिणाम पुढे अधिक तीव्र होत गेला. न. चिं. केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र आणि आयर्लंडचा इतिहास लिहिला. १९०४ मध्ये नाशिककडच्या तरुणांची गुप्त संघटना ‘अभिनव भारत’ या नावाने उभी राहिली, त्या नावामागे मॅझिनीची ‘तरुण इटली’ होती. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये मॅझिनीच्या लेखांचे मराठी भाषांतर केले, ते १९०७ मध्ये छापले गेले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. शाळेत इटलीचे एकीकरण हा चार गुणांचा प्रश्न होता. तेच प्रकरण शाळेबाहेर मराठीत वाचले की तो गुन्हा ठरत होता. या कोड्यातून सरकारने काढलेली वाट शिक्षणाच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे. सर जॉर्ज क्लार्क मुंबईचे गव्हर्नर असताना (१९०७ ते १९१३) विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची फेररचना निघाली, आणि इंग्लंडचा इतिहास पदवीच्या आवश्यक विषयांतून वगळण्याचा प्रश्न सिनेटपुढे आला. फिरोजशहा मेहतांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्यांचे राज्य त्यांचाच इतिहास ते शिकवू इच्छित नाहीत, आणि ज्यांच्यावर राज्य आहे ते तो शिकविण्याचा आग्रह धरतात, असा उलटा देखावा तेथे दिसला. चार्ल्स राजाचा शिरच्छेद, १६८८ ची क्रांती, करांना संसदेची संमती, या गोष्टी एका पिढीपूर्वी साम्राज्याचे भूषण म्हणून शिकविल्या जात. दुसऱ्या पिढीने त्या मागणीपत्रासारख्या वाचल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची कथा याच्या पुढची आहे. एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील ज्या अध्यापकांचे ऋण त्यांनी पुढे मानले, त्यांत जॉन ड्यूई आणि सेलिगमन यांच्याबरोबर जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल हे दोन इतिहासकार होते. रॉबिन्सन म्हणजे ज्यांची पश्चिम युरोपच्या इतिहासावरची पाठ्यपुस्तके अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चालली, आणि ज्यांनी मूळ कागदपत्रांचे वेचे विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा परिपाठ रुजविला, ते. के. आर. पुरमच्या मुलापुढे आज सात कागद ठेवले जातात, त्या पद्धतीचे एक मूळ रॉबिन्सनच्या वर्गात आहे. आणि त्या वर्गात एक मराठी विद्यार्थी बसला होता.

त्या विद्यार्थ्याने काय केले? लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेले आणि प्रत्यक्षात कधीच न झालेले भाषण उघडावे. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादात आंबेडकर रोमचे प्लेबियन लोक, लासालचे प्रशियन राज्यघटनेवरचे भाषण, ल्यूथरची धर्मसुधारणा, इंग्लंडचा प्युरिटन पंथ यांना साक्षीला बोलावतात. त्याच ओघात शिवाजी महाराजांच्या राजकीय क्रांतीआधी महाराष्ट्रातील संतांची सुधारणा झाली होती, असेही ते सांगतात. हे रानड्यांचेच प्रमेय. पण रानड्यांनी ते अभिमानाने मांडले, आंबेडकरांनी ते तगाद्यासारखे मांडले: आधी समाज बदलावा लागतो, तो तुम्ही बदलला का? रोमच्या प्लेबियनांचे उदाहरण तर त्यांच्यासाठी दूरचे नव्हतेच. प्लेबियनांना कॉन्सल निवडण्याचा अधिकार मिळाला, पण देवाच्या कौलाने मान्यता दिल्याखेरीज त्याला पदावर बसता येत नसे, आणि कौल लावणारे पुरोहित पॅट्रिशियन होते. मताचा अधिकार हाती असूनही धर्माच्या धाकाने तो निरुपयोगी होतो, हे त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या इटलीत पाहिले आणि आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाला दाखविले. परीक्षार्थी विद्यार्थ्याला या उदाहरणाचे गुण मिळाले असते की नाही, सांगता येत नाही.

याच आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही. तिची मुळे राज्यशास्त्रात नाहीत, धर्मात आहेत, आणि ती आपण बुद्धाकडून घेतली. फ्रेंच राज्यक्रांती ज्याला पाठ नव्हती अशा माणसाने हे म्हटले असते तर ते अडाणीपणाचे ठरले असते. त्यांनी ते वाचून, तोलून, मग बाजूला ठेवले. फ्रान्सने समता घोषित केली पण तिला टिकविणारी बंधुता त्याला निर्माण करता आली नाही, हा त्यांचा हिशेब होता. युरोपच्या इतिहासाचा याहून प्रगत अभ्यास मराठी विद्यार्थ्याने केलेला दाखविता येणार नाही.

आजच्या वर्गाकडे वळले की चित्र जरा निराळे दिसते. अकरावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातून २०२२ मध्ये औद्योगिक क्रांतीचे प्रकरण गेले, नव्या जगाशी युरोपची गाठ पडली ते प्रकरणही गेले. कारण अभ्यासाचा बोजा असे दिले गेले. बोजा खराच होता. पण लँकेशायरच्या चात्या वगळून रेनेसाँसची चित्रे ठेवली की युरोप सुंदर होतो आणि अगम्यही होतो. ज्या शहराच्या जुन्या पेठेत कित्येक पिढ्यांचे विणकर होते, आणि ज्याच्या वेशीवर टेलिफोनच्या कारखान्याने एक अख्खे उपनगर वसविले, तेथील मुलाला यंत्रयुगाची हकीकत परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकाची सुरुवात २०२० पासून युरोपातील प्रबोधन आणि विज्ञानाचा विकास या प्रकरणाने झाली आणि त्याला लागूनच वसाहतवाद घेतला गेला. ही जोडी निदान प्रामाणिक आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. ‘रेनेसाँस’ला मराठीने प्रबोधन म्हटले, म्हणजे जागे होणे, मूळ शब्दात पुनर्जन्म आहे. ‘रेव्होल्यूशन’ला राज्यक्रांती म्हटले आणि तिचे क्षेत्र राज्यापुरते आखले, पुढे औद्योगिक, सामाजिक अशी विशेषणे लावताना ‘राज्य’ गाळावे लागले. ‘रिफॉर्मेशन’ला धर्मसुधारणा म्हटले तेव्हा आपल्याकडच्या सुधारक-सनातनी वादाची सारी धग त्या शब्दात आपोआप उतरली. हे शब्द घडविणाऱ्यांनी प्रत्येक वेळी युरोपची एक घटना घेऊन ती आपल्या अनुभवावर ताडून पाहिली होती. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शब्द तयार मिळतो, ताडून पाहण्याचे श्रम वाचतात. म्हणून त्याचे उत्तर निर्दोष असते, आणि जांभेकरांची बखर चुकीच्या भांड्यात असूनही अधिक जिवंत वाटते.

एखादा शिक्षक मनावर घेईल तर सात कागदांच्या जोडीला आठवा कागद ठेवणे अवघड नाही. अमात्यांचे टोपीकरांवरचे विवेचन व्यापारवादाच्या प्रश्नाला ठेवता येईल, मनोऱ्यावरचा मराठी लेख नेपोलियनच्या प्रश्नाला. आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्याला कागदाचीही गरज नाही. के. आर. पुरमहून मेट्रोने निघून मध्ये एकदा गाडी बदलली की कृष्णराजेंद्र मार्केटचे स्थानक येते. तेथून जवळच बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा उरलेला तट आहे. त्या तटात एक दगडी पाटी बसविलेली आहे: या खिंडारातून इंग्रजांनी हल्ला चढविला. खाली तारीख आहे, २१ मार्च १७९१.